अंगणात कोणतं फुलझाड लावायचं आणि कुठे? जागा बघून निवड करायची पद्धत

पहिला चांगला पाऊस पडला की नर्सरीत पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांनाच झाडं लावायची असतात. आणि बहुतेक जण काय करतात, तर पिशवीतलं दोन फुटांचं रोप बघतात, त्याला एखादं फूल आलेलं असलं की लगेच घेऊन येतात. पिशवीत सगळी रोपं सारखीच दिसतात हो. गुलमोहरही दोन फुटांचा, प्राजक्तही दोन फुटांचा. पंधरा वर्षांनी मात्र एक शेजारच्या गच्चीवर पसरलेला असतो आणि दुसरा तुमच्या खिडकीच्या वर जेमतेम चार हात गेलेला असतो.

आमच्या जुन्या घरी वडिलांनी कंपाउंडच्या भिंतीपासून पाच फुटांवर गुलमोहर लावला होता. दहा-बारा वर्षं काय सुंदर फुलला तो, मे महिन्यात अख्खी गल्ली लाल. मग भिंतीला तळापासून वरपर्यंत तिरकी चीर गेली, अंगणातल्या फरशा वर उचलल्या गेल्या आणि एका वळवाच्या पावसात मोठी फांदी सरळ विजेच्या तारेवर आली. झाड तोडायचं तर परवानगी लागते, तीही सहज मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर तोडताना आई दोन दिवस जेवली नव्हती. गुलमोहराचा काही दोष नव्हता. त्याच्या मुळ्या जमिनीलगतच पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, मोकळ्या मैदानात नाहीतर रुंद रस्त्याकडेला तो शोभतो. साताऱ्यात १ मे ला गुलमोहर दिन साजरा करतात, ती झाडं जाऊन बघा एकदा, त्यांना किती मोकळी जागा लागते ते डोळ्यांनी दिसेल.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी देशावरच्या, म्हणजे पुणे-सातारा-नगर बाजूच्या, दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवरच्या घराचा विचार धरून लिहिते, कोकण आणि विदर्भाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

आधी कागद घ्या

झाड विकत घ्यायच्या आधीचं काम मे महिन्यात करायचं. एका कागदावर प्लॉटचा साधा नकाशा काढा, मापं पावलांनी घेतली तरी चालतील. घर, गेट, पार्किंग, पाण्याची जमिनीतली टाकी, बोअर, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर आणि त्यांना जोडणारे पाइप, वरून जाणाऱ्या तारा, सगळं दाखवा. पाइप कुठून गेलेत हे माहीत नसेल तर दोन चेंबर सरळ रेषेत जोडा, बहुतेक वेळा लाइन तिथूनच असते. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट, त्यातून घर, पार्किंग आणि टाक्या वजा केल्या की खरी मोकळी जमीन किती कमी उरते ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. माझं स्पष्ट मत आहे की दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर झाडं दोनच लावावीत, फार तर तीन, बाकी सगळी झुडपं.

अंतराचा माझा ठोकताळा असा. बारा-पंधरा फुटांपर्यंत वाढणारं छोटं झाड भिंतीपासून निदान सात-आठ फुटांवर, पंचवीस-तीस फुटांचं मध्यम झाड पंधरा फुटांवर आणि त्याहून मोठं झाड लहान प्लॉटवर लावूच नये. झुडूप दोन-तीन फुटांवर चालतं, पण त्याच्या मागून एक माणूस जाऊ शकेल एवढी फट ठेवा, नाहीतर रंगकामाच्या वेळी पेंटर ते तोडून टाकतो. टाकी आणि ड्रेनेजच्या लाइनजवळ वड, पिंपळ, उंबर, रबर यांचं साधं उगवलेलं रोपही ठेवू नका, यांच्या मुळ्या ओल शोधत कुठल्याही सांध्यातून आत शिरतात.

आता ऊन. हे नकाशावर नीट मांडा कारण निम्मी निवड यावरच ठरते. आपल्याकडे मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात फारशी तापत नाही, तापते ती पश्चिमेची, दुपारी दोन ते सहा. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि तेच ऊन आपल्याला हवं असतं, तुळशीला, वाळत घातलेल्या कपड्यांना, सकाळी पाठ शेकत बसणाऱ्या आजींना. म्हणजे दाट सावलीचं सदाहरित झाड पश्चिमेला आणि दक्षिण बाजू बऱ्यापैकी मोकळी, तिथे झुडपं नाहीतर थंडीत पानं गाळणारा पांढरा चाफा.

मातीची परीक्षा

नव्या घराच्या अंगणात वरची चार इंच माती चांगली असते आणि खाली बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुना. वरून लाल माती पसरून लॉन लावून देतात, दिसायला छान दिसतं आणि तीन वर्षांनी झाड पिवळं पडायला लागतं. म्हणून जिथे झाड लावायचंय तिथे दीड फूट खोल खड्डा खणून बघाच. त्यात पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी अजून उभं असेल तर जमीन चिबड आहे, तिथे सोनचाफा लावायचा विचार सोडा, पहिल्या दोन पावसाळ्यांतच मुळं कुजून जाईल. तळाची थोडी कोरडी माती वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका, फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे. अशा मातीत अनंत आणि इक्झोरा ही फुलझुडपं कायम आजारी दिसतात, पानं पिवळी आणि फक्त शिरा हिरव्या, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी रोज घातलं की हेच होतं. हौस असेल तर अनंत मोठ्या कुंडीत लावा, भरपूर कंपोस्ट घाला आणि पावसाचं साठवलेलं पाणी द्या, मस्त राहतो.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बारीक मुळ्या तुटतात. तिथे एक-दीड फूट उंचवटा करून त्यावर लागवड करायची आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन बारा महिने ठेवायचं. मुरमाड जमीन असेल तर निचऱ्याची चिंता नाही पण खड्डा मोठा घ्यावा लागतो.

झाडाचं काम काय ते ठरवा

"सुंदर दिसायला पाहिजे" एवढ्यावर झाड निवडता येत नाही. सावली हवीय, की फुलं हवीत, की वास, की समोरच्या बिल्डिंगमधून दिसू नये म्हणून आडोसा? एकाच झाडाकडून सगळं मागितलं की फसायला होतं.

बहाव्याचंच उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये झुंबरं लटकल्यासारखा पिवळा फुलतो, आपल्या मातीतलंच झाड, तीसेक फुटांवर थांबणारं, कमी पाण्यात येणारं, माझं अतिशय लाडकं. पण फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पानं जवळजवळ नसतात. म्हणजे ज्या महिन्यात सावली हवी नेमकं तेव्हाच सावली नाही. पश्चिमेच्या भिंतीला लावून घर गार होईल असं समजू नका, तो गेटजवळ लावा, जाता-येता बघायला. पार्किंगवरही नको, दीड-दोन फुटांच्या शेंगा पडतात आणि आतला गर काळा चिकट असतो. पांगारा आणि नीलमोहर यांचंही तेच, फुलोरा बिनपानी. सावलीसाठी बकुळ बघा. हळू वाढते, पहिली पाचेक वर्षं तर वाटतं की काही होतच नाहीये, पण नंतर असा गोल दाट घुमट होतो की खाली खुर्ची टाकून बसावं. जागा मोठी असेल तर करंज. त्याची पानगळ थोडक्यात आटपते आणि एप्रिलमध्ये नवीन पालवीचा जो चकचकीत पोपटी रंग येतो तो कुठल्याही फुलाच्या तोडीचा आहे.

म्हणून झाड निवडायचं तर ते मे महिन्यात बघून निवडा. आवडलेल्या झाडाचं पूर्ण वाढलेलं भाऊबंद शोधा, जवळच्या बागेत, कॉलेजच्या आवारात, देवळाच्या परिसरात कुठेतरी असतंच. त्याच्या खाली उभं राहा, वर बघा, खाली काय पडलंय ते बघा, बुंध्याजवळची फरशी उचललीय का ते बघा. या अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नसतं.

लहान प्लॉटसाठी माझी पसंती

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि घरापुढे लावायला याच्यासारखं झाड नाही असं मला मनापासून वाटतं. एप्रिलपासून जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांनी भरतं, पाकळ्या हातात घेतल्या तर क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या लागतात. पंचवीस-तीस फुटांचं होतं, पाणी जरा जास्त आवडतं, त्यामुळे थोड्या ओल्या जमिनीतही तग धरतं. कोरड्या मुरमावर पहिली दोन-तीन वर्षं पाणी कमी पडू देऊ नका.

प्राजक्त तर हवाच, बारा-पंधरा फुटांचं, कुठल्याही कोपऱ्यात बसणारं. जागा मात्र विचार करून द्या. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, म्हणून तो अशा ठिकाणी हवा जिथे सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल पडतं, स्वच्छ मातीवर नाहीतर शहाबादी फरशीवर, ड्रेनेजच्या झाकणावर नाही. पान खरखरीत, पॉलिश पेपरसारखं असतं आणि फुलाचा देठ चिमटीत चुरला तर बोटाला केशरी रंग लागतो, लहान मुलांना हा उद्योग फार आवडतो. फुलण्याचा हंगाम श्रावणापासून थंडीपर्यंत. तो संपला की जानेवारीत छाटणी करा, नाहीतर उंच सडपातळ होऊन फक्त शेंड्याला फुलतो. उन्हाळ्यात तो अगदी भिकार दिसतो, पानं झडलेली, वाळल्यासारखा. मेला समजून उपटू नका.

कांचन घ्या, नाहीतर त्याच्याच कुळातला आपटा. आपटा छोटा, वाकडातिकडा, काटक आणि उन्हाला न घाबरणारा. दसऱ्याला बाजारात कांचनाची पानं आपटा म्हणून सर्रास विकली जातात, घरचं झाड असलं की तो प्रश्न मिटतो, फक्त सोनं लुटताना मुलांना चार पानंच तोडायला सांगा, फांद्या नाही. कांचनाच्या पांढरी-गुलाबी आणि जांभळी अशा जाती आहेत, पहिली उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते आणि जांभळी पावसाळा संपताना, तेव्हा नर्सरीत विचारून घ्या.

सोनचाफा कलमीच घ्यायचा. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षंसुद्धा लागतात, कलमाला एक-दोन वर्षांत येतात आणि छाटून हाताच्या उंचीत ठेवता येतं. निचरा उत्तम हवा, कोकणातल्या जांभ्यावर तो जसा येतो तसा देशावरच्या काळ्या मातीत येत नाही, उंचवट्यावर लावून बघा. कोकणात घर असेल तर तुमच्याकडे आणखी चांगले पर्याय आहेत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड, आणि जागा असेल तर सुरंगी, जिची फुलं थेट फांदीला चिकटून येतात आणि वास पार रस्त्यापर्यंत जातो. विदर्भाच्या उन्हात बहावा, आपटा आणि पांढरा चाफा यांच्यावर भरवसा ठेवा. सीता अशोक तिथे कोवळेपणी करपतो, त्याला थोडी सावली आणि ओलावा लागतो. आणि हो, नर्सरीत नुसता "अशोक" मागितलात तर उंच सरळसोट खोटा अशोक देतात, केशरी-लाल फुलांचा हवा असेल तर सीता अशोक असं स्पष्ट सांगा.

सप्तपर्णीबद्दल लोक विचारतात. ऑक्टोबरच्या सुमारास रात्री तिचा वास एवढा भरून राहतो की काहींचं डोकं धरतं. झाडही मोठं होतं, घराजवळ नकोच. शोभेची म्हणून मिळणारी पिचकारी, म्हणजे मोठ्या केशरी-लाल फुलांचं आफ्रिकन झाड, तेही नको, फांद्या वाऱ्यात मोडतात. आणि झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस कोणी सुचवत असेल तर घेऊ नका, त्याच्या मुळ्या पाइपलाइनमध्ये घुसतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

झुडपं, म्हणजे बागेचं रोजचं जेवण

झाड वर्षातून एक-दोन महिने फुलतं, बाकी दहा महिने अंगण जिवंत ठेवतात ती झुडपं. पूजेला रोज फुलं हवी असतील तर जास्वंद आणि तगर, दोन्ही बारमाही. जास्वंदीला किमान पाच-सहा तास ऊन पाहिजे, तगर अर्ध्या सावलीतही फुलते. पिवळ्या, केशरी, डबल अशा संकरित जास्वंदी दिसायला देखण्या पण नाजूक, साधी लाल पाच पाकळ्यांची गावठी जास्वंद लावा, पिठ्या ढेकूण आला तरी जोराच्या पाण्याने धुवून आणि लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोळवून मारलं की सावरते.

आडोशासाठी कुंती. गडद हिरवी बारीक पानं, छाटणी सहन करते, मोठा पाऊस झाला की आठवड्याभरात पांढऱ्या फुलांनी झाकून जाते. दोन-अडीच फुटांवर एक अशी ओळ लावली तर तीन वर्षांत डोक्याएवढी भिंत तयार होते. सारखी कात्री लावली तर फुलं मात्र कमी येतात, हे लक्षात घेऊन वर्षातून एक-दोनदाच छाटा.

उन्हात, दगडात, कुणी लक्ष न देणाऱ्या कोपऱ्यात धायटी लावून बघा. सह्याद्रीत घाटरस्त्याने जाताना फेब्रुवारी-मार्चमध्ये कड्यांवर लालभडक दिसते ती. तिच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर हे छोटे पक्षी येतात, सकाळी आठच्या उन्हात नराचं अंग जांभळं-निळं चमकतं आणि तो फांदीला उलटा लटकून मध पितो. साध्या नर्सरीत मिळत नाही, देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडे विचारा. शंकासूरही असाच काटक, पण काटे असतात, पायवाटेपासून लांब.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, यांचे सगळे भाग विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर जिवावर बेततात. घरात रांगतं मूल असेल किंवा गुरं अंगणात येत असतील तर लावूच नका. फक्त मोठी माणसं असतील तर कण्हेर जरूर लावा, उन्हाळ्यात तिच्याइतकं निर्धास्त फुलणारं कमी, आणि पानाच्या मागे कधीकधी एक कोष लटकलेला दिसतो, अगदी आरशासारखा चांदी-सोनेरी, त्यातून तपकिरी-काळं फुलपाखरू निघतं. घाणेरी कितीही रंगीत असली तरी विकत आणून लावू नका, पक्षी बिया नेतात आणि ती डोंगरच्या डोंगर व्यापते.

कढीपत्ता आणि लिंबू हे शोभेचे म्हणून कोणी धरत नाही, मी धरते. नीलवंत, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्या अळ्या याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात.

नर्सरीत काय बघायचं

उंच रोप चांगलं हा गैरसमज आहे. सहा फूट उंच पण पेन्सिलएवढं खोड, काठीला बांधून उभं केलेलं, असं रोप घेण्यापेक्षा अडीच फुटांचं जाड बुंध्याचं घ्या, दोन वर्षांत ते पुढे जातं. पिशवीच्या भोकातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप तिथे फार दिवस पडून आहे, आत मुळ्यांनी गोल वेटोळं घातलेलं असणार. कलमाचा जोड बोटाने दाबून बघा, हलता कामा नये, आणि जोडाखालून आलेला फुटवा दिसला तर तो खालच्या खुंटाचा आहे, काढून टाकायचा. फूल असलेलं रोपच घ्यायचा हट्ट फक्त रंगाची खात्री करायची असेल तरच. पांढरा चाफा तर विकत घ्यायची गरजच नाही, ओळखीच्यांकडून हातभर फांदी आणा, चीक वाळेपर्यंत आठ दिवस सावलीत ठेवा आणि लावा.

लावायचं कसं

खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्यायचे, झाडाला तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल, झुडपाला दीड-दीड फूट. राडारोडा सगळा बाहेर. भरताना त्याच जागेची चाळलेली माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि झाडामागे अर्धा किलो निंबोळी पेंड. सगळं खतच भरू नका, मुळ्या मग खड्ड्याबाहेर जातच नाहीत, कुंडीत असल्यासारख्या तिथेच फिरत राहतात. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाली, की लावायचं, चिखलात नाही.

पिशवी पूर्ण काढायची, नुसती चिरून लावायची नाही. वेटोळं घातलेल्या मुळ्या बाजूने उभ्या तीन-चार ठिकाणी कापा, भीती वाटते पण कापा, नाहीतर दहा वर्षांनी त्याच मुळ्या बुंध्याला फास लावतात. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत, खोड पुरायचं नाही. काठी रोवा आणि जुन्या सुती कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा, वाऱ्याने थोडं हललं तरच बुंधा जाड होतो. वर्ष-दीड वर्षाने काठी काढायची, विसरली तर कापड सालीत रुततं.

लावायच्या आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी बोलून घ्या. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. नकाशावर खोडरबर चालवणं सोपं, म्हणून तिथेच दहा वेळा जागा बदला.

पहिली तीन वर्षं

पाणी रोज शिंपडायचं नाही. आठवड्यातून दोनदा आळं भरून द्या, उन्हाळ्यात तीनदा, म्हणजे मुळ्या खाली जातात. आळं बुंध्याला चिकटून ठेवू नका आणि झाड वाढेल तसं दरवर्षी रुंद करा, पाणी पिणाऱ्या मुळ्या फांद्यांच्या टोकांखाली असतात. पाचोळा जाळू नका, तिथेच पसरा, फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. छाटणीत एका वर्षी पाव भागाहून जास्त फांद्या काढायच्या नाहीत आणि शेंडा उडवायचा नाही, शेंडा उडवलेल्या झाडाला झाडूसारखे कच्चे फुटवे येतात आणि तेच पुढे वादळात मोडतात. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बहावा, आपटा, चाफा यांचं पाणी हळूहळू तोडा. ताम्हण आणि सीता अशोकाचं चालूच ठेवा.

आणि पावसाळ्यात एखाद्या सकाळी बहाव्याची पानं अर्धी खाल्लेली, फांद्यांवर हिरव्या अळ्या असं दिसलं तर औषध मारू नका. त्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, त्यांचं काम झालं की जातात आणि झाडाला काही दिवसांत नवीन पालवी येते.